स्त्रियांचे कृमिरोग आणि यंत्राची दृष्टि

रोग्याची परीक्षा करण्याचीं तीन साधनें आपल्या प्राचीन वैद्यांनीं सांगितलीं आहेत : दर्शन, स्पर्शन व प्रश्न. डोळ्यांनीं पाहावें, हातानें चाचपावें आणि रोग्यास विचारावें, असा त्यांचा क्रम. चरकसंहितेंत कृमींचे वीस प्रकार दिले असून, रक्तांत राहणाऱ्या कृमींपैकीं कांहीं इतके सूक्ष्म असतात कीं ते दिसतच नाहींत, असेंहि तेथें नमूद केलें आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र जगांत येण्यापूर्वीं कित्येक शतकें हें लिहिलें गेलें, याचें आम्हांस कौतुक वाटतें. परंतु त्या वचनाचा अभिमान मिरविण्यापेक्षां त्यांतील अडचण ओळखणें अधिक उपयोगाचें आहे. जो कृमि दिसत नाहीं त्याचें निदान दर्शनानें कसें व्हावें? आणि तो जर स्त्रीच्या शरीरांत अशा ठिकाणीं उपद्रव करीत असेल कीं जेथें दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तिहींसहि लज्जेनें दार लावून घेतलें आहे, तर वैद्यानें करावें तरी काय?

या प्रश्नास गेल्या कांहीं वर्षांत एक नवें उत्तर पुढें येत आहे. शरीराच्या अंतर्भागाचें छायाचित्र घ्यावयाचें, तें संगणकाच्या स्वाधीन करावयाचें, आणि चित्रांतील रंग, रेषा व आकार यांचें गणित मांडून रोग आहे किंवा नाहीं याचा कौल त्याच्याकडून घ्यावयाचा, अशी ही पद्धति आहे. स्त्रियांच्या एका कृमिरोगावर तिचा प्रयोग झालेला आहे. तो रोग कोणता, यंत्र तो कसा ओळखतें, त्याच्या कौलावर विश्वास किती ठेवावा, आणि आपल्या नागपूर-विदर्भांतील घरांशीं या गोष्टीचा संबंध काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. विषय चारचौघांत मोठ्यानें बोलण्याचा नव्हे, हें आम्ही जाणतों. पण जें बोलतां येत नाहीं तें निदान वाचतां तरी यावें.

या रोगाचें शास्त्रीय नांव शिस्टोसोमायसिस. १८५१ सालीं कैरो येथें थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्यानें त्याचा कृमि शोधून काढला, म्हणून त्यास बिल्हार्झिया असेंहि म्हणतात. नाईल नदीच्या कांठच्या या रोगाशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कोंकणांत आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यांत गिमवी नांवाचें गांव आहे. तेथील लोकांस लघवींतून रक्त जाण्याचा विकार होता. गाडगीळ व शहा या संशोधकांनीं त्याचा छडा लावला, आणि १९५२ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, हा तोच रोग असून तो परदेशांतून परतलेल्या प्रवाशांपुरता नाहीं. त्याचें ठाणें या गांवींच आहे. कृमीस आसरा देणारी म्हणून फेरिसिया जातीची एक अगदीं चिमुकली गोगलगायहि पुढें दाखवून देण्यांत आली. ज्या देशांत या रोगासाठीं गांवेंच्या गांवें औषध वाटावें लागतें त्यांच्या यादींत आज भारत नाहीं, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि हा रोग आपल्याकडे होऊंच शकत नाहीं, असें म्हणण्याची सोय गिमवीनें आपणांस ठेविलेली नाहीं.

या कृमीचा जीवनक्रम मोठा चमत्कारिक आहे. रोगी मनुष्याच्या लघवीवाटे त्याचीं अंडीं गोड्या पाण्यांत पडतात. अंड्यांतून निघालेला सूक्ष्म जीव गोगलगायीच्या शरीरांत शिरतो, तेथें त्याची संख्या अनेक पटींनीं वाढते, आणि कांहीं आठवड्यांनीं शेंपटीचे असंख्य जंतु पुन्हां पाण्यांत उतरतात. नदीवर धुणें धुणाऱ्या, पाणी भरणाऱ्या किंवा पोहणाऱ्या माणसाची धडधाकट त्वचा भेदून ते थोड्याच मिनिटांत आंत जातात. पुढें यकृताच्या शिरांत वाढून नर व मादी यांचें जोडपें मूत्राशयाभोंवतींच्या शिरांत बिऱ्हाड करितें आणि वर्षानुवर्षें तेथेंच नांदतें. खरा उपद्रव कृमींपेक्षां त्यांच्या अंड्यांचा. एका टोंकास कांटा असलेलीं हीं अंडीं सगळींच बाहेर पडत नाहींत. पुष्कळशीं शरीरांतच रुतून बसतात. स्त्रियांमध्यें तीं गर्भाशयाच्या मुखाशीं व जननमार्गांतहि रुततात. त्यांच्याभोंवतीं दाह होतो, बारीक शिरा वेड्यावांकड्या वाढतात, धक्का लागतांच रक्त येतें, स्राव व वेदना सुरू होतात. कित्येकींस मूल होत नाहीं. कित्येकींचा गर्भ अस्थानीं राहतो.

कैरो येथेंच १८९९ सालीं मॅडन या शल्यवैद्यानें अशा विकाराची हकीकत लिहिली होती. म्हणजे वैद्यकास याची माहिती सव्वाशें वर्षांची आहे. असें असूनहि स्त्रियांच्या या दुखण्याकडे दीर्घकाल दुर्लक्षच झालें. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत सुमारें ५ कोटी ६० लक्ष स्त्रिया व मुली त्यानें पीडित असाव्यात, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. दुर्दैव असें कीं, याचीं लक्षणें शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या रोगांसारखीं दिसतात. त्यामुळें रोगी स्त्रीच्या पदरीं भलतेंच औषध पडतें आणि औषधाबरोबर भलताच आळहि येतो. ओढ्यावर धुणें धुतलें एवढाच जिचा अपराध, तिच्या शीलाविषयीं घरांत कुजबूज सुरू होते. रोगाच्या नांवांत चूक झाली तर एका बाईची अब्रू कशी पणास लागते, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

लघवी तपासून अंडीं कां पाहूं नयेत, असें कोणी म्हणेल. तशी तपासणी होतेच. परंतु जननमार्गांत अंडीं रुतलेल्या कित्येक स्त्रियांच्या लघवींत एकहि अंडें सांपडत नाहीं. मांसाचा लहानसा तुकडा काढून पाहावा, तर त्यानें जखम होते, आणि जेथें एचआयव्हीचा प्रादुर्भाव आहे तेथें ती जखम धोक्याची. तेव्हां राहिलें दर्शन. जर्मनींत हिन्सेलमन यानें १९२५ च्या सुमारास योजलेलें कॉल्पोस्कोप नांवाचें भिंगाचें यंत्र आहे. त्यांतून पाहिलें असतां अंडीं रुतलेल्या जागीं पिंवळसर वाळू पसरल्यासारखे डाग दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं अशा डागांच्या चित्रांचें एक छोटेखानी पुस्तकच वैद्यांच्या उपयोगासाठीं काढलें. पण हें यंत्र महाग, आणि तो डाग ओळखणारा सरावलेला डोळा त्याहूनहि दुर्मिळ. जेथें रोग आहे तेथें हीं दोन्ही बहुधा नसतात.

या ठिकाणीं संगणक पुढें येतो. ऑस्लो येथील होल्मेन, केटलंड व त्यांचे सहकारी यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील क्वाझुलू-नाताल प्रांताच्या ग्रामीण स्त्रियांचीं कॉल्पोस्कोपनें घेतलेलीं छायाचित्रें संगणकाकडून तपासून पाहिलीं आणि आपले निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध केले. गांधीजींच्या चरित्रांतून आपणांस परिचित असलेलें नाताल तें हेंच. अशा तपासणीचें मूळ तत्त्व शाळेंतल्या मुलासहि समजेल. संगणकाच्या दृष्टीनें छायाचित्र म्हणजे चौकटींचा कागद. प्रत्येक चौकटींत तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांची मात्रा ० पासून २५५ पर्यंतच्या अंकांनीं लिहिलेली असते. उभ्या एक हजार व आडव्या एक हजार चौकटी धरल्या तर एका चित्रांत दहा लक्ष चौकटी आणि तीस लक्ष अंक झाले. पिंवळा रंग म्हणजे तांबड्या व हिरव्याचे अंक मोठे आणि निळ्याचा अंक लहान. परंतु दिवा मंद किंवा प्रखर झाला कीं तिन्ही अंक बदलतात. म्हणून अशा कामीं रंगाची जात व त्याचा गडदपणा हीं उजेडाच्या कमीअधिकपणापासून गणितानें निराळीं काढतात. मग निरोगी गुलाबी भाग कोठें संपतो आणि रोगाचा पिंवळेपणा कोठें सुरू होतो त्याची सीमा ठरवून सीमेपलीकडच्या चौकटी मोजतात. वैद्याचा डोळा सायंकाळपर्यंत थकतो. यंत्र हजारावें चित्रहि पहिल्याइतक्याच निष्ठेनें पाहतें. साध्या उपकरणांवर हें काम चालेल किंवा नाहीं हें अजमावण्याकरितां चित्रें मुद्दाम कमी प्रतीचीं करूनहि या संशोधकांनीं आपली पद्धति पारखून पाहिली.

त्यांस जें फळ मिळालें तें असें : रोग असलेल्यांपैकीं शेंकडा ८३ यंत्रानें ओळखल्या, आणि रोग नसलेल्यांपैकीं शेंकडा ७३ निरोगी ठरविल्या. हे आंकडे वाचून कोणी हर्षभरित होईल, कोणी नाक मुरडील. आम्ही आयुष्यभर शाळेंत फळ्यावर गणितें सोडविलीं. तेव्हां येथेंहि एक सोडवूं. समजा, एका भागांतील १००० स्त्रिया तपासल्या आणि त्यांपैकीं १०० जणींस खरोखर रोग आहे. यंत्र त्यांतील ८३ जणींस पकडील व १७ जणी निसटतील. उरलेल्या ९०० निरोगी स्त्रियांपैकीं शेंकडा २७, म्हणजे २४३ जणींस तें उगाच रोगी म्हणेल. एकंदर ३२६ जणींवर बोट ठेविलें गेलें आणि त्यांत खऱ्या रोगी ८३. म्हणजे चारांत जेमतेम एक. आतां हेंच यंत्र जेथें हा रोग मुळींच नाहीं अशा ठिकाणीं आणून लाविलें, तर हजारांत २७० स्त्रियांस तें भय घालील आणि त्यांतील एकहि रोगी नसेल. यंत्र तेंच, गणित तेंच. केवळ स्थळ बदललें. म्हणून यंत्राचा कौल म्हणजे निदान नव्हे. कोणास आधीं वैद्याकडे पाठवावें हें सुचविणारी ती खूण आहे, आणि संशोधकांनींहि आपल्या प्रयत्नास पहिलें पाऊल एवढेंच म्हटलें आहे.

दुसरीहि एक मर्यादा आहे. यंत्रास शिकवितो मनुष्यच. झांबिया देशांत हातांत धरावयाच्या लहान कॉल्पोस्कोपनें घेतलेलीं चित्रें जेव्हां अनेक तज्ज्ञांस दाखविलीं गेलीं, तेव्हां त्यांच्या मतांत मेळ फारसा आढळला नाहीं. जेथें गुरूंचेंच एकमत नाहीं तेथें शिष्यानें कोणाचा पाठ गिरवावा? शिवाय ओल्या भागावर दिव्याची झळाळी पडते, रक्तानें रंग बदलतो, निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे रंग निरनिराळे येतात. या अडचणी कालांतरानें कमी होतील, असें मानण्यास जागा आहे. परंतु आज त्या आहेत.

मग एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न येतो. त्याचें उत्तर औषधांत आहे. प्राझिक्वांटेल नांवाचें औषध या कृमींस मारतें, आणि तें वजनाच्या मानानें एकदांच घ्यावें लागतें. पण रुतलेल्या अंड्यांनीं केलेली हानि त्यानें लगेच भरून येत नाहीं. झिंबाब्वे देशांतील स्त्रियांना औषध देऊन वर्षभरानें पाहिलें, तरी त्यांचे वाळूसारखे डाग कमी झालेले आढळले नाहींत. उलट ज्यांस वयाच्या विसाव्या वर्षापूर्वीं औषध मिळालें होतें, त्यांच्यांत असे डाग कमी दिसून आले. म्हणजे लवकर ओळखणें हाच या रोगावरील उपचाराचा अर्धा भाग आहे.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. ट्रायकोमोनास नांवाचा एक परोपजीवी सूक्ष्म जीव आहे. तो पाण्यांतून येत नाहीं. शरीरसंबंधांतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पॅरिस येथील आल्फ्रेद दोने यानें १८३६ सालीं तो स्त्रियांच्या स्रावांत प्रथम पाहिला. याच दोनेनें पुढें फूको या शास्त्रज्ञाच्या साह्यानें सूक्ष्मदर्शकाखालील वस्तूंचीं छायाचित्रें घेऊन १८४५ सालीं त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या शरीरांतील परोपजीवी जीवाचा शोध आणि सूक्ष्म वस्तूंचें छायाचित्रण यांची गांठ अशी पावणेदोनशें वर्षांपूर्वींच एका माणसाच्या हातीं पडली. २०२० सालीं जगांत या विकाराचे सुमारें १५ कोटी ६० लक्ष नवे रोगी झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याचें साधें निदान म्हणजे स्रावाचा थेंब कांचेवर ठेवून तो जीव हालतांना पाहणें. पण थोड्याच वेळांत त्याची हालचाल मंदावते, आणि तपासणारा जरा उशिरा आला कीं रोग असूनहि 'कांहीं नाहीं' असा निर्वाळा मिळतो. अलीकडे हालत्या चित्रांवरून संगणकानें हा जीव टिपण्याचेहि प्रयोग झाले आहेत.

परंतु थेंब कांचेवर पोहोंचला तर ना! येथें नागपूरच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याची एक हकीकत आठवल्यावांचून राहत नाहीं. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा वृत्तान्त १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आला. शेंकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकीं किंवा गुप्तरोगांपैकीं एक वा अनेक विकार होते. सरासरीनें एका स्त्रीमागें ३.६ विकार. त्यांत निम्मा भाग जननमार्गाच्या संसर्गांचा. शेंकडा ४५ स्त्रियांची तर कांहीं तक्रारच नव्हती. आणि पूर्वीं कधींहि स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया किती? शेंकडा ८. हा सगळा आजार कृमींचा होता असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा मुद्दा एवढाच कीं, शंभरांत ब्याण्णव जणी रोगी आणि केवळ आठ जणींवर वैद्याची दृष्टि पडलेली, ही तूट कोणत्याहि संगणकाच्या चुकीपेक्षां फार मोठी आहे. शेंकडा ८३ ओळखणारें यंत्र आणून ठेविलें, तरी त्याच्यापुढें जी आलीच नाहीं तिला तें ओळखणार कसें?

हें खेड्यांतल्या अशिक्षित बायांचें झालें, आमच्या सुशिक्षित घरांत असें नाहीं, असें म्हणून कोणी पान उलटूं नये. मोठ्या कुटुंबांत सुनेचें डोकें दुखलें तर चार जण सुंठ उगाळून देतात. पण ओटींत दुखतें असें ती म्हणाली कीं सर्वांच्या माना खालीं जातात. सासूबाईंना सांगावें तर 'आम्हांस नव्हतें का होत' हें उत्तर ठरलेलें. नवऱ्यास सांगावें तर तो अवघडतो. विधवा आत्याबाई किंवा अविवाहित मुलगी यांनीं तर या गोष्टीचा उच्चारहि करूं नये, असा अलिखित दंडक. हत्तीरोगाचें पाहा. त्यानें सुजलेला पाय रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासहि दिसतो. म्हणून २०१९ च्या आरंभीं नागपूर जिल्ह्यांत तीन औषधें एकत्र देण्याची मोहीम निघाली तेव्हां ती कशासाठीं हें सांगावें लागलें नाहीं. जें दुखणें लुगड्याआड राहतें त्याला मोहीम मिळत नाहीं.

वर सांगितलेले दोन्ही रोग एकमेकांशेजारीं ठेवून पाहावेत. पहिला पाण्यांतून येतो आणि बाईवर आळ येतो शरीरसंबंधाचा. दुसरा शरीरसंबंधांतून येतो. पण पुरुषास पुष्कळदां कांहींच लक्षणें होत नसल्यामुळें तो निर्दोष दिसतो आणि रोगी ठरते ती एकटी बायको. तिला एकटीला औषध दिलें तर ती बरी होते व पुन्हां आजारी पडते. म्हणून वैद्य अशा वेळीं उभयतांस औषध देतात. दोन्हीं ठिकाणीं दोषाचें ओझें स्त्रीच्या माथीं येतें, आणि दोन्हीं ठिकाणीं तें उतरविण्याचा मार्ग एकच : अचूक निदान. या दृष्टीनें पाहतां छायाचित्र पाहणारें यंत्र आम्हांस प्रिय वाटतें. त्यास कोणाच्या शीलाशीं कर्तव्य नसतें. तें डाग पाहतें आणि डागांपुरतेंच बोलतें.

मात्र त्या छायाचित्राविषयीं एक इशारा अवश्य दिला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत आउश्विट्झच्या छळछावणींत बंदिवान स्त्रियांवर कॉल्पोस्कोपचे प्रयोग त्यांच्या संमतीवांचून करण्यांत आले होते. जें साधन तारतें तेंच असें दुष्ट हातीं पडूं शकतें. म्हणून चित्र कां घेतलें जात आहे, त्यांत चेहरा किंवा नांव येणार आहे काय, तें कोठें ठेविलें जाईल व कोण पाहील, हें विचारण्याचा प्रत्येक स्त्रीस अधिकार आहे, आणि नको म्हणण्याचाहि आहे. असें विचारणें हा उद्धटपणा नव्हे, हें घरांतील वडीलधाऱ्यांनींच तिला सांगून ठेवावें.

घरांत करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या आजपासून करतां येतील. घरांतील एका वडील स्त्रीनें मुलीसुनांस स्पष्ट सांगावें कीं, नेहमींपेक्षां निराळा स्राव, संबंधानंतर रक्त, लघवींत रक्त किंवा ओटीपोटांत टिकून राहणारी वेदना हीं लपविण्याचीं नव्हेत, सांगण्याचीं लक्षणें आहेत. आणि सांगितल्यावर स्त्री-वैद्याकडे बरोबर जाण्यास कोणी तरी निघावें. ज्यांच्या लेकीसुना आफ्रिकेंत राहून किंवा प्रवास करून आल्या असतील आणि मलावीसारख्या सरोवरांत अथवा तेथील नद्यांत उतरल्या असतील, त्यांनीं ही गोष्ट डॉक्टरांस आपण होऊन सांगावी, कारण नागपुरांत बसलेल्या डॉक्टरांच्या मनांत हा रोग सहसा येणार नाहीं. पतीस तपासणीस किंवा औषधास बोलाविलें तर त्यानें निमूटपणें जावें. आणि दूरध्वनीच्या चित्रांवरून निदान करून देण्याची जाहिरात वाचून कोणी भुलूं नये. यंत्राचा कौल वैद्यानें पारखल्यावांचून औषध घेऊं नये.

प्राचीनांच्या तीन साधनांपैकीं दर्शनाचें काम संगणक उद्यां आजच्यापेक्षां चांगलें करील, यांत आम्हांस शंका वाटत नाहीं. स्पर्शन वैद्याच्या हातीं राहील. प्रश्न मात्र आधीं घरांत विचारला जावयास हवा, आणि तो विचारण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. या अंकाचीं हीं पानें वाचून एखाद्या घरांतील आजीबाईंनीं आपल्या नातसुनेस जवळ बसवून 'तुला कांहीं दुखतें काय गं?' एवढें जरी विचारलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.